बंद दाराच्या अलीकडे : जपानी क्रौंचकथा रंगमंचावर आणण्याची कृती

जखमी क्रौंच पक्ष्याला कुणीतरी वाचवतं. काही दिवसांनी बर्फात एक अनोळखी तरुणी दार ठोठावते. ती घरात राहते, माग लावते आणि एकच अट घालते : मी विणत असताना आत डोकावायचं नाही. कापड अप्रतिम होतं, चांगल्या किमतीला विकलं जातं, मग अजून एक हवं होतं. शेवटी कुणीतरी डोकावतं. आत एक क्रौंच स्वतःची पिसं उपटून विणत असतो. गुपित फुटलं, आता राहता येणार नाही, म्हणून तो उडून जातो.

इतकी छोटी गोष्ट, म्हणून नव्याने नाटक करणाऱ्यांना ती सोपी वाटते. पण बऱ्याच प्रयोगांत ती फसते, कारण बसवणारे पक्ष्यावर लक्ष देतात आणि दाराकडे दुर्लक्ष करतात. पंख, पिसं, उडणं या सगळ्यावर पैसा आणि तालमी खर्च होतात. हे नाटक दारावर उभं आहे. प्रेक्षकाला त्या दाराच्या अलीकडे बसवायचं आणि ‘उघड एकदा’ असं त्याच्या मनात आणायचं, हे खरं काम. पुढची प्रत्येक पायरी त्यासाठी आहे.

आधी पाठ निवडा

या कथेचे जपानभर अनेक पाठ आहेत, पण ढोबळमानाने दोन घराणी. एकात मूल नसलेलं म्हातारं जोडपं असतं आणि क्रौंच मुलगी होऊन येतो. दुसऱ्यात एकटा गरीब तरुण असतो आणि क्रौंच बायको होऊन येतो. वरवर फरक किरकोळ वाटतो, पण नाटक त्यामुळे पूर्ण बदलतं. म्हाताऱ्यांच्या पाठात दार उघडतं ते कुतूहलाने किंवा काळजीने : पोरगी वाळत चालली आहे, आत करते तरी काय? नवरा-बायकोच्या पाठात त्याआधी मागणी येते. कापड आणखी हवं असतं, कधी शेजारी किंवा व्यापारी टोचत असतो, आणि दार उघडतं तेव्हा हाव, संशय आणि प्रेम यांची गुंतागुंत झालेली असते. मुलांसाठी बसवणार असाल तर पहिला पाठ घ्या, मोठ्यांसाठी दुसरा. दोन्हींची सरमिसळ करू नका. केली तर दार कोण आणि का उघडतं याचं उत्तर पातळ होतं.

निदान तीन पाठ शेजारी ठेवून वाचा आणि एका कागदावर सहा रकाने आखा : पक्षी कसा वाचला (सापळा की बाण), कोण आलं, किती कापडं विणली, जास्त कुणी मागितलं, कोण डोकावलं, जाताना काय मागे राहिलं. पाठांमधले फरक या रकान्यांत दिसले की तुमची निवड जाणीवपूर्वक होते. यामागाता प्रांतातल्या नान्यो शहरात चिन्झोजी नावाचं देऊळ आहे. तिथल्या आख्यायिकेत पक्ष्याला वाचवणारा माणूस ती गेल्यावर भिक्षू होतो. शेवटाला एवढा एक बदल केला तर अख्खं नाटक पश्चात्तापाकडे झुकतं. तुम्हाला ते हवं आहे का, हे पहिल्याच आठवड्यात ठरवा.

आता एक धोक्याची जागा. या कथेवरचं सर्वांत गाजलेलं आधुनिक नाटक म्हणजे किनोशिता जुन्जी यांचं ‘युझुरु’. ते १९४९ साली रंगमंचावर आलं, सादो बेटावरच्या पाठावर बेतलेलं होतं, आणि १९५२ मध्ये दान इकुमा यांनी त्याचा ऑपेरा केला. लोककथा सगळ्यांची आहे, हे नाटक नाही. किनोशिता २००६ मध्ये गेले. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, जपानमध्ये ७०. इंटरनेटवरच्या कितीतरी ‘लोककथा’ या नाटकातून झिरपलेल्या असतात. नायिकेचं नाव त्सू, नवऱ्याचं योह्यो, किंवा पैशाची भाषा सुरू झाली की तिला त्याचं बोलणंच कळेनासं होतं, यातलं काही तुमच्या संहितेत आलं असेल तर तो किनोशितांचा माल आहे. काढून टाका, नाहीतर रीतसर परवानगी घ्या.

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे. तिथे मूळ पाठ वाचून देणारं कुणीतरी सापडतं. त्या व्यक्तीला ‘भाषांतर करून द्या’ म्हणू नका. ‘मोठ्याने वाचून दाखवा आणि वाक्यागणिक अर्थ सांगा’ म्हणा. गोष्ट कुठे थांबते आणि कुठे पळते, ते कानांनीच कळतं.

मग कणा काढा

कथा दहा वाक्यांत लिहा. प्रत्येक वाक्यात एक क्रिया हवी, भावना नको. ‘तो दुःखी होतो’ हे चालणार नाही, ‘तो दाराशी येऊन परत फिरतो’ चालेल. ही दहा वाक्यं म्हणजे प्रसंगांची यादी.

त्यानंतर आधुनिक काय, ते ठरवा. इथे एकच गोष्ट निवडा. श्रम दिसत नाहीत आणि वस्तू दिसते, हा एक धागा होऊ शकतो. घरातल्या बाईच्या शरीरावर घर चालतं, हा दुसरा. तिसरा, उपकार फेडण्याची सीमा कुठे असते. तिन्ही कथेत आहेतच, म्हणून तिन्ही संवादांत घालायचा मोह होतो. मग पात्रं भाषणं करू लागतात. एक धागा संवादांत येऊ द्या, बाकीचे वस्तूंमधून आणि हालचालींतून आपोआप पोचतात.

नवऱ्याला खलनायक करू नका. तो दुष्ट निघाला तर प्रेक्षक मोकळा होतो, ‘मी असा नाही’ म्हणून खुर्चीत रेलून बसतो. तो भला आहे, थोडा भोळा आहे, आणि दुसऱ्या कापडानंतर त्याला पहिल्यांदा पोटभर भात मिळाला आहे. तिसरं कापड तो मागतो तेव्हा आपणही तेच मागितलं असतं, असं वाटलं पाहिजे.

आणि क्रौंच का आला, त्याला माणूस कसं होता येतं, असले खुलासे नकोत. जपानी कथांत ‘पाहू नकोस’ ही अट फार जुनी आहे. ७१२ साली पूर्ण झालेल्या ‘कोजिकी’ या पुराणकथांच्या ग्रंथात इझानामी आणि तोयोतामा-हिमे या दोन देवी आपल्या नवऱ्यांना हीच अट घालतात, आणि दोघींचेही नवरे ती मोडतात. अटीला कारण दिलं की तिची ताकद जाते.

वेळेची वाटणी

पन्नास मिनिटांच्या एकांकिकेसाठी ही मांडणी नीट चालते. बर्फात सुटका ४ मिनिटं. दारावरची थाप आणि घरात येणं ६. अट आणि पहिलं विणणं ८. विक्री ५. दुसरं विणणं ५. मागणी ७. तिसरं विणणं ८. डोकावणं १. निरोप ६.

यात डोकावण्याला एकच मिनिट आहे, ते मुद्दाम. त्याच्या आधीची आठ मिनिटं लांब वाटली पाहिजेत. नो आणि काबुकी या जपानच्या जुन्या नाट्यपरंपरांत वेगाची तीन टप्प्यांची रीत आहे, जो-हा-क्यू : सावकाश सुरुवात, मग मोड, मग वेगाने शेवट. नवखे दिग्दर्शक उलट करतात. सुरुवात भराभर उरकतात आणि शेवटी रेंगाळतात. पहिल्या दहा मिनिटांत शांत राहण्याचं धैर्य नसेल तर ही कथा घेऊ नये.

तीन विणणी सारखी बसवली तर तिसऱ्या वेळी प्रेक्षक जांभया देतो. पहिल्या विणण्यात नवऱ्याला आनंद आहे, आवाज नवा आहे, तो कान देऊन ऐकतो. दुसऱ्या वेळी तो ऐकत नाही, हिशोब करत बसतो, आवाज मागे राहतो. तिसऱ्या वेळी तो पुन्हा ऐकतो, कारण आवाज अडखळतो आहे. म्हणजे तिन्ही वेळा आतलं काम तेच, बदलतो तो बाहेरचा माणूस.

भाषा

या कथेचे बरेच पाठ ईशान्य जपानच्या बोलींत सांगितले जातात, म्हणून संहिता मालवणीत किंवा वऱ्हाडीत करावी असं अनेकांना वाटतं. तसं केल्याने गोष्ट पटकन आपली वाटते, पण त्याबरोबर कोकणातलं अंगण, वऱ्हाडातलं शेत, तिथली नाती आणि तिथले विनोदही येतात. मग बर्फ खोटं वाटायला लागतं. साधी बोली मराठी ठेवा, वाक्यं आखूड ठेवा, विशेषणं काढा. बायकोने ‘अहो’ म्हणायचं की ‘तू’, हे पहिल्या वाचनाआधी ठरवा. दोघं ‘तू’वर असतील तर बरोबरीचं नातं तयार होतं आणि त्याची मागणी जास्त बोचते. आमचा कल ‘तू’कडे आहे.

‘आटपाट नगर होतं’ने सुरुवात आणि ‘साठा उत्तराची कहाणी’ने शेवट टाळा. ते शब्द कानावर पडले की व्रत आणि त्याचं फळ मनात येतं. या गोष्टीत फळ नाही. जपानी कथेकऱ्यांचे शेवटचे बोल प्रांताप्रांताने वेगळे आहेत. इवातेतल्या तोनो भागात ‘दोन्दोहारे’, अकितात ‘तोप्पिनपरारिनोपू’. निवेदक ठेवणार असाल तर असा एखादा बोल जसाच्या तसा घ्या, अर्थ सांगत बसू नका, लयीत म्हणा.

मागणीचा प्रसंग कसा लिहायचा, याचा नमुना :

तो : थंडी वाढली.
ती : हो.
तो : शेजारी विचारत होता. अजून एक होईल का म्हणून.
ती : कोण विचारत होतं?
तो : शेजारी.
(चुलीवरची किटली. बराच वेळ.)
ती : आणि तू?

‘मला पैसे हवेत’ असं कुणी म्हटलेलं नाही, तरी सगळं बोलून झालं आहे. ‘आणि तू?’ला त्याने उत्तर देऊ नये. त्याने लाकूड सारावं, किटली उतरवावी, काहीही करावं.

घर उभं करणं

हे गरीब शेतकऱ्याचं, बर्फाळ प्रांतातलं घर आहे. सामुराई नाही, गेशा नाही, कागदी पंखे नाहीत, लाल कंदील नाहीत. चेरीचा बहर तर मुळीच नको. भर थंडीची गोष्ट आहे, बहर यायला अजून काही महिने आहेत. यातली एक वस्तू जरी आली तरी नेपथ्य पर्यटनाच्या जाहिरातीसारखं दिसतं.

घराचे दोन भाग हवेत. प्रवेशाशी मातीची जमीन, तिथे पायताण काढायचं. मग दीड फूट उंच लाकडी जमीन, तिच्यावर गवताच्या चटया. रंगमंचावरचे नेहमीचे दीड फुटी चौथरे, म्हणजे लेव्हल्स, इथे बरोबर बसतात. या पायरीचा वापर करा : जो वर चढतो तो घरातला, जो खालीच उभा राहतो तो बाहेरचा. व्यापारी पहिल्या भेटीत खाली उभा राहील, तिसऱ्या भेटीत न विचारता वर येईल.

लाकडी जमिनीच्या मध्यावर चौकोनी चूल असते, इरोरी. साधारण तीन फूट बाय तीन फूट, जमिनीत खोल, वर छतातून लोंबणारा आकडा आणि त्याला किटली. तिच्या चार बाजूंना चार जागा ठरलेल्या. प्रवेशापासून सर्वांत लांबची जागा, योकोझा, घरधन्याची. तिच्या एका बाजूला बायकोची, काकाझा, स्वयंपाकाच्या अंगाला. समोरची पाहुण्याची, क्याकुझा. आणि प्रवेशाजवळची, सर्वांत खालची जागा, किजिरी, जिथे लाकडं सारली जातात. घरधन्याच्या जागी दुसऱ्या कुणी बसायचं नसतं.

हे दिग्दर्शकाच्या हातात आयतं मिळालेलं साधन आहे. ती आली की पाहुण्याच्या जागी बसते. पहिल्या कापडानंतर बायकोच्या जागी. मागणीच्या प्रसंगात व्यापारी सरळ योकोझावर जाऊन बसतो आणि नवरा लाकडं सारायच्या जागी सरकतो. संवादात याचा उल्लेख नको. मराठी प्रेक्षकाला जपानी रीत ठाऊक नसेल, पण पहिला अर्धा तास एकच माणूस जिथे बसला तिथे दुसरा बसला, हे त्याला दिसतंच. त्यासाठी नवऱ्याने सुरुवातीपासून ती जागा कटाक्षाने सांभाळली पाहिजे. तालमीत नट सोयीने कुठेही बसतात. पहिल्या दिवसापासून जमिनीवर चिकटपट्टीने चार जागा आखून ठेवा.

खऱ्या ज्वाळेच्या भानगडीत पडू नका. कागदी बर्फ आणि कागदी दार असलेल्या रंगमंचावर उघडी आग म्हणजे अपघाताला आमंत्रण. तांबूस जिलेटिन कागद लावलेला छोटा दिवा राखेच्या थराखाली ठेवला की पुरे. राख म्हणून राखाडी रंगवलेला भुसा वापरला तर दिव्याशी संपर्क नको, मध्ये पत्रा हवा.

दार

सरकतं दार, शोजी. प्रत्येक झडप तीन फूट बाय सहा फूट, दोन झडपा. लाकडी पट्ट्यांची जाळी खोलीच्या बाजूने दिसते, कागद पलीकडून चिकटवलेला असतो. इथे खोली म्हणजे नवऱ्याची बाजू, प्रेक्षकाचीही तीच. उलट लावलं तर जाणकाराला लगेच खटकतं आणि सावलीही पट्ट्यांवर पडून तुटते. कागदाऐवजी पातळ पांढरं सुती कापड ताणून लावा. ते फाटत नाही आणि प्रकाश सारखा पसरवतं. चौकट सागाची नसली तरी चालेल, पण पिळलेली नको. खाचेत मेणबत्ती घासा. ऐन क्षणी दार अडकणं, ही या नाटकातली सर्वांत महागडी चूक आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून खाच सरकत्या कडेपेक्षा निदान तीन मिलिमीटर रुंद ठेवा.

दार मध्यावर नको. थोडं उजवीकडे किंवा डावीकडे, तिरकं ठेवा, म्हणजे दाराशी उभ्या माणसाचा चेहरा प्रेक्षकाला दिसतो. दार सरळ समोर असेल तर डोकावणाऱ्याची पाठ दिसते आणि नाटकाचा सगळ्यात मोठा क्षण पाठीवर वाया जातो.

सावली दाखवायची असेल तर बाईची, पक्ष्याची नाही. दिवा दारापासून तीन मीटर मागे आणि नटी दिव्यापासून दोन मीटरवर असेल तर सावली दीडपट होते. नटी दारापाशी सरकली की सावली लहान आणि रेखीव, दिव्याकडे सरकली की मोठी आणि पुसट. अनेक भिंगांचा एलईडी दिवा (‘पार’) इथे चालत नाही, एका माणसाच्या दहा फिकट सावल्या पडतात. एकाच बिंदूतून प्रकाश देणारा दिवा हवा : जुना हॅलोजन, किंवा एकाच चिपचा एलईडी. आणि समोरचे सगळे दिवे दारावरून काढा. सावली गायब झाली अशी तक्रार येते तेव्हा दहापैकी नऊ वेळा समोरून दारावर प्रकाश सांडत असतो. नवरा-बायकोला बाजूच्या विंगेतून उजळा.

डोकावण्याच्या क्षणी त्याने दार दोन बोटं सरकवायचं, अधिक नाही. आत, डोळ्यांच्या उंचीवर, वेगळ्या डिमरवरचा एक छोटा पांढरा दिवा. फटीतून उजेडाची एक उभी रेघ त्याच्या चेहऱ्यावर पडते. प्रेक्षक तो चेहरा पाहतो, आतलं काही पाहत नाही. ही जागा जपा. पंख लावलेली नटी आत दाखवली की प्रेक्षक वेशभूषा तपासायला लागतो.

मागाचा आवाज

जुना जपानी माग, जिबाता, आपल्या हातमागापेक्षा वेगळा आहे आणि त्याची रचना या नाटकासाठी सोन्यासारखी आहे. विणणारी जमिनीलगत बसते. ताणा एका टोकाला मागाला आणि दुसऱ्या टोकाला तिच्या कमरेच्या पट्ट्याला बांधलेला. ती मागे रेलली की धागे ताणले जातात, पुढे झुकली की सैल होतात. पायाला बांधलेली दोरी ओढली की धागे उचलले जातात, मोठा धोटा हाताने आरपार जातो आणि त्याच्याच धारेने बाणा ठोकला जातो. म्हणजे कापड तिच्या शरीराच्या ताणावर तयार होतं. असे माग आजही वापरात आहेत : इबाराकी-तोचिगीतल्या युकी-त्सुमुगी या रेशमी कापडासाठी आणि निगातातल्या एचिगो-जोफु या कापडासाठी. दोन्ही कला युनेस्कोच्या यादीत आहेत, एचिगोची २००९ पासून, युकीची २०१० पासून.

म्हणून येवल्याला जाऊन पैठणीच्या मागाचा आवाज मुद्रित करून आणला तर काम होणार नाही. दोरीच्या झटक्याने धोटा पळवणाऱ्या मागाचा ‘खटक-खटक’ वेगवान आणि कोरडा असतो. जिबाताचे तीन आवाज वेगळे ऐकू येतात : दोरी ओढल्याची करकर, धोट्याची सरसर, मग ठोक. ते विंगेत प्रत्यक्ष करा. जाड दोरी लाकडी दांडीवरून ओढणं, गुळगुळीत फळी ताणलेल्या कापडावर सरकवणं, लाकडावर लाकूड. एकच माणूस तिन्ही करेल, आणि तो सगळ्या तालमींना हजर असला पाहिजे. मुद्रित आवाज लावला तर लय नटांच्या ताब्यात राहत नाही.

पहिल्या विणण्यात मिनिटाला वीस ठोके, स्थिर. दुसऱ्यात सव्वीस, कारण घाई आहे. तिसऱ्यात वीसने सुरुवात, मग चौदा, मग करकर होते पण ठोक येत नाही. त्या न आलेल्या ठोक्यांवर नवरा मान वर करतो. दार उघडण्याआधी आवाज पूर्ण बंद करू नका. अडखळत का होईना, चालू राहू द्या. आवाज चालू असतानाच त्याने डोकावलं पाहिजे.

बर्फाचा आवाज काबुकीने फार सुंदर सोडवला आहे. मोठ्या ढोलावर कापड गुंडाळलेल्या काठीने, अगदी हळू, बधिर असे ठोके. बर्फ पडताना आवाज होत नाही, हे ऐकवायला आवाज लागतो. आपला ढोल वापरता येईल, पण जाड आवाजाच्या बाजूने, आणि इतक्या हळू की शेवटच्या रांगेला तो ऐकू येण्यापेक्षा जाणवला पाहिजे.

क्रौंचाचं शरीर

लाल डोक्याचा जपानी क्रौंच, तान्चो, सुमारे दीड मीटर उंच असतो आणि पंखांचा विस्तार जवळपास अडीच मीटर. शेपूट काळी असते असं बहुतेक चित्रांत दिसतं. प्रत्यक्षात शेपूट पांढरी आहे. पंखांच्या आतल्या मागच्या कडेची पिसं काळी असतात आणि पंख मिटले की ती शेपटीवर झाकण घालतात. म्हणून काळा रंग किमोनोच्या बाहीच्या खालच्या कडेला द्या, पाठीला नाही. हात पसरले की काळी कडा उघडते. डोक्यावरचा लाल भाग पिसांचा नसून उघड्या कातडीचा असतो. केसांत एक लाल दोरा पुरे. चोच नको, मुकुट नको.

हालचालीसाठी बगळा पाहू नका. बगळा मान दुमडून उडतो, क्रौंच मान लांब करून. नटीला खरा क्रौंच दाखवायचा असेल तर गोंदिया जिल्ह्यात सारस आहेत. रंग करडा, पण चाल आणि मानेची ढब त्याच कुळातली. पाऊल उचललं की क्षणभर थांबतं, मग पुढे पडतं. मान आधी वळते, शरीर नंतर. नटीने एवढ्या दोनच गोष्टी घ्याव्यात आणि त्याही पहिल्या अर्ध्या तासात जेमतेम दिसाव्यात. भांडं घेताना मान आधी वळली, एवढंच. हात फडफडवणं पूर्ण बंद.

वेशात तिच्या झिजण्याची सोय करा. सुरुवातीला एकावर एक चार पांढरे किमोनो, प्रत्येक विणण्यानंतर एक कमी. तिसऱ्यानंतर उरलेला इतका पातळ असावा की खांद्यांची हाडं दिसतील. अंगावर घेताना डावी बाजू उजव्यावर आली पाहिजे. उजवी वर आली तर तो प्रेताचा पेहराव होतो. ही चूक मराठी प्रयोगांतच नाही, जगभर होते. रंगीत तालमीला एका माणसाला फक्त हेच तपासायला नेमा. चेहऱ्याला पांढरा रंग किंवा डोळ्यांना तिरकी रेघ लावून ‘जपानी’ करणं अपमानास्पद आहे. नेहमीचा साधा मेकअप ठेवा.

बर्फ आणि निरोप

पतंगाच्या कागदाचे साधारण पाऊण इंचाचे तुकडे हवेत. चौकोनी तुकडे गिरक्या घेत पडतात. बांबूच्या विरळ टोपल्या वर टांगून दोरीने हलवायच्या. पंखा लावू नका, कागद पहिल्या रांगेच्या मांडीवर जातो. पडलेला बर्फ झाडून पुन्हा वर भरणार असाल तर चाळणीतून काढा, त्यात टाचण्या आणि खिळे येतात आणि पुढच्या प्रयोगाला ते नटांच्या डोक्यावर पडतात. गुळगुळीत लाकडावर कागद घसरतो, म्हणून चालण्याच्या वाटेवर चटई अंथरा.

निरोपाला तारेवर उडणारी नटी नको. सगळी यंत्रणा त्या तारेकडे बघायला लावते. ती दार पूर्ण उघडून बाहेर येते, विणलेलं कापड चुलीजवळ ठेवते, पायरी उतरते, पायताण न घालता बर्फात जाते. एक पाऊल, थांबणं, पुढचं पाऊल. बाह्या पहिल्यांदा पूर्ण उघडतात, काळी कडा दिसते, आणि ती विंगेत जाते. नवऱ्याने तिच्यामागे धावू नये. त्याने कापड उचलावं का नाही, यावर तालमीत भरपूर वाद घाला. दोन्ही शेवट खरे आहेत आणि दोन वेगळी नाटकं होतात. निवेदकाने तात्पर्य मात्र सांगायचं नाही.

तालमी आणि कागदपत्रं

सहा आठवडे धरा. पहिला वाचन आणि पाठांची तुलना. दुसरा, चुलीभोवतीच्या बसण्याच्या जागा. तिसऱ्या आठवड्यापासून मागाच्या आवाजासह तालीम, त्याआधी संवाद पाठ हवेत. चौथ्यात खरं दार आणा, तालमीच्या जागेत दाराऐवजी खुर्ची ठेवून काम होत नाही. पाचव्यात दिवे. सहाव्यात बर्फ, तोही शेवटचे दोन दिवसच, नाहीतर रोज तासभर झाडण्यात जातो.

चौथ्या आठवड्याच्या शेवटी सात-आठ मुलांना बोलावून तिसऱ्या विणण्यापर्यंत दाखवा आणि थांबा. ‘आत काय आहे ते बघायचं का?’ असं विचारा. मुलं ओरडून हो म्हणाली तर नाटक जागेवर आहे. गप्प बसली तर पहिल्या दोन विणण्यांकडे परत जा, दोष तिथे असतो.

महाराष्ट्रात जाहीर प्रयोगाआधी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते पहिल्या वाचनानंतर लगेच टाका, आयत्या वेळी धावपळ होते. संहितेच्या पहिल्या पानावर आणि जाहिरातीत ‘जपानी लोककथेवर आधारित’ लिहा, कोणत्या प्रांतातला पाठ घेतला ते लिहा, आणि मूळ पाठ वाचून देणाऱ्याचं नाव श्रेयनामावलीत द्या.